पोरगं व्यसनात अडकलंय: दवाखाना, घर आणि मंडळी यांनी काय काय करायचं

बऱ्याच वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका घरात आम्ही चौघे तीन दिवसांच्या उपवास-प्रार्थनेला बसलो होतो. मुलगा तेवीस वर्षांचा, रोज पिणारा. पहिल्या संध्याकाळी त्याने सगळ्यांसमोर बाटली मोरीत ओतली, गुडघे टेकले, आम्ही सगळे रडलो. दुसऱ्या रात्री त्याचे हात थरथरायला लागले, घामाने अंथरूण भिजलं, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणून तो ओरडायला लागला. आमच्यातला एक जण म्हणाला, सैतान बाहेर पडतोय. पहाटे पोराला फिट आली. भाजीच्या टेंपोत घालून बेळगावला आणलं, म्हणून वाचला. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, "दारू कधी थांबवली?"

रोजची दारू एकाएकी बंद केली तर माणूस दगावू शकतो, हे आम्हा चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तरुण संघाचा सेक्रेटरी होतो. पुढे समाजकार्य शिकलो, व्यसनी मुलं आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करत राहिलो, आणि रविवारी उपासनेलाही जात राहिलो. या लेखात लिहिलंय ते त्या रात्री आम्हाला कुणी सांगायला हवं होतं.

आधी नेमकं काय चाललंय ते बघा

"पोरगं नशा करतंय" एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. कशाची, किती, कधीपासून आणि शेवटची कधी, या चार गोष्टी कळल्या तरच पुढचं पाऊल ठरतं, कारण प्रत्येक पदार्थ सोडतानाचा धोका वेगळा असतो.

आपल्या भागात काय काय मिळतं ते नजरेसमोर ठेवा. गोव्यात कर कमी, त्यामुळे दारू स्वस्त; चोर्ला घाटातून आणि अनमोडकडून ती खानापूर, बेळगावपर्यंत चोरून येत असते. कर्नाटकाने २००७ मध्ये साराई ही देशी दारू बंद केली, पण ९० मिलीची स्वस्त टेट्रा पाकिटं आली आणि खिशात मावायला लागली. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये आणि कर्नाटकात २०१३ मध्ये बंदी आली. तेव्हापासून पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, आणि तळहातावर दोन्ही एक करायचं काम गिऱ्हाइकाचं. गांजा आहे. पंक्चरचं सोल्युशन आहे, ते रुमालावर ओतून हुंगणारी दहा-बारा वर्षांची मुलं आहेत. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेली देशभरची पाहणी २०१९ मध्ये आली. तिच्यात हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत जास्त निघालं होतं. खोकल्याची औषधं आणि दुखण्याच्या गोळ्या आहेत. आणि मोबाइलवरची रमी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने बंदीचा कायदा केला, पण कर्ज करून बसलेला पोरगा कायद्याने सुटत नाही.

निपाणीचं वेगळंच. तिथे तंबाखू म्हणजे शेत, वखार, विडी वळणाऱ्या बायांची मजुरी. १९८१ मध्ये शरद जोशींच्या मागे शेतकरी रस्त्यावर बसले ते तंबाखूच्या भावासाठी. तिथल्या मंडळीत तंबाखूवर कडक उपदेश करायचा तर समोरच्या बाकावर कोण बसलंय याचं भान ठेवावं लागतं. आईच्या विड्यांवरच पोराची फी भरलेली असते. म्हणून बोलायचं नाही असं नाही. पण पिकवणाऱ्याला पापी ठरवून चघळणारा सुटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

सवय की व्यसन?

दहावीनंतरच्या सहलीत एकदा बिअर प्यायलेला प्रत्येक मुलगा व्यसनी नसतो. त्याला व्यसनी म्हणून वागवलं तर तो खरंच त्या पोरांत जाऊन बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात अवलंबित्वाच्या सहा खुणा दिल्या आहेत आणि गेल्या वर्षभरात त्यांतल्या तीन किंवा जास्त एकत्र दिसल्या तर निदान होतं. घरच्या भाषेत त्या अशा: आतून ओढ लागते, दुसरं काही सुचत नाही. "एकच" म्हणून बसतो आणि थांबता येत नाही. पूर्वीएवढ्याने भागत नाही, माप वाढतं. न मिळाल्यास हात कापतात, चिडचिड होते, झोप उडते. क्रिकेट, कॉलेज, तबला, जे काही आवडीचं होतं ते सुटतं. आणि अपघात झाला, नोकरी गेली, डॉक्टरांनी लिव्हरचं सांगितलं, तरी चालूच राहतं.

कमी वयाच्या मुलांसाठी याहून साधे प्रश्न आहेत. पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या मागे बसलास का, किंवा स्वतः चालवलीस का? चारचौघांत मोकळं वाटावं म्हणून घेतोस का? एकटा असताना घेतोस का? घेतल्यावर काय केलं ते विसरलास का? घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का? त्यापायी लफड्यात सापडलास का? दोन उत्तरं "हो" आली तर जाणकाराला दाखवायची वेळ झाली. वडिलांनी हे फौजदारासारखे विचारायचे नाहीत. मामा, चुलतभाऊ, संघातला मोठा दादा यांनी विचारलेले बरे.

वयाचा मुद्दा एवढा महत्त्वाचा का? मेंदूत सुखाची नोंद ठेवणारा भाग लवकर जागा होतो आणि "थांब, विचार कर" म्हणणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. नशा त्या सुखाच्या नोंदीत डोपामिन या रसायनाचा एवढा लोंढा सोडते की साध्या गोष्टी, गरम भाकरी, मॅच जिंकणं, आईची शाबासकी, फिक्या पडतात. पंधराव्या वर्षी सुरू झालेलं तिशीत सुरू झालेल्यापेक्षा घट्ट बसतं ते यामुळे.

पाप की आजार?

मंडळीत हा वाद हमखास निघतो, आणि तो मिटेपर्यंत पोरगं दवाखान्यात पोचत नाही. माझं मत सांगतो. पहिला घोट घेतला तेव्हा निवड होती, ती चुकली, तिला पाप म्हणा. हजारावा घोट घेतो तेव्हा निवडणारा अवयवच दुखावलेला असतो. बायबलात रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल स्वतःबद्दल लिहितो की करावंसं वाटतं ते घडत नाही आणि ज्याचा तिटकारा तेच हातून होतं. इतकं अचूक वर्णन मी व्यसनी मुलांच्याच तोंडून ऐकलंय, शब्द फक्त वेगळे. आणि जन्मांध माणसाला पाहून "पाप कुणाचं, याचं की आईबापांचं?" असं शिष्यांनी विचारलं तेव्हा येशूने चौकशी समिती नेमली नाही. त्याचे डोळे उघडले.

डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला, असं म्हणणाऱ्यांना मी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पुन्हा वाचायला सांगतो. तो वाटेत लुटून टाकलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या काळचं औषध ते. पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, दोन नाणी आगाऊ देतो आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणतो. प्रथमोपचार, वाहन, भरती, बिल आणि पुन्हा भेट. वाटेवरून बाजूने निघून गेलेले दोघे मात्र धर्मसेवेतले होते.

मंडळीकडून होणाऱ्या तीन चुका नाव घेऊन सांगायला हव्यात. पहिली, थरथर आणि भास यांना भूतबाधा समजून डांबून ठेवणं. दुसरी, आठ दिवस कोरडा राहिलेल्या मुलाला व्यासपीठावर साक्ष द्यायला उभं करणं. तो घसरला की लाजेने चर्चचं तोंड बघत नाही. तिसरी सगळ्यात सभ्य दिसते: "प्रार्थनेसाठी सांगते हं, बाहेर बोलू नका." रविवारी आईने सांगितलं, बुधवारच्या घरप्रार्थनेत सगळ्यांना कळलं, शुक्रवारी व्हॉट्सअॅप ग्रुपवर. विनंती करायची असेल तर नाव न घेता करा. पाळकसाहेब, एक वडीलधारा आणि संघातला एक जण, एवढ्यांनाच माहीत असावं.

बोलायचं कसं

नशेत असताना एक शब्दही नको. सकाळी, चहा झाल्यावर. एकाने बोलायचं, बारा जणांनी घेरायचं नाही. धमकी, शपथ, मेलेल्या आजोबांची आण, काही नको. एका मामा-भाच्याचं बोलणं मी ऐकलं होतं, ते साधारण असं:

"सोन्या, मी ओरडायला आलो नाही. सकाळी कप धरताना हात कापतो तुझा, ते दिसलं मला. तुला काय वाटतं?"

"काय नाही मामा, आई उगंच बोलालीय."

"असेल. मला एवढंच सांग, सोडावंसं शून्य ते दहांत किती वाटतं?"

"तीन."

"तीन? शून्य का नाही?"

पोरगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "धाकटी बघते तसली, मला आवडत नाही."

मामाने "दहा का नाही" विचारलं असतं तर पोराने न सोडण्याची दहा कारणं दिली असती. "शून्य का नाही" म्हटल्यावर सोडायचं कारण त्याच्याच तोंडून आलं. समुपदेशक या पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतात, पण मामालाही ती जमते. बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षं पडलेल्या माणसाला येशूने आधी विचारलं होतं, बरं व्हायची इच्छा आहे का म्हणून.

दवाखाना: कुठे, कधी, काय विचारायचं

रोज पिणाऱ्याने शेवटचा घोट घेतल्यापासून सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भान हरपून भास होण्याची अवस्था येते. तिच्यावर उपचार न झाल्यास जीव जाऊ शकतो. आधी कधी अशी फिट आली असेल, सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागत असेल, जेवण सुटलेलं असेल, तर घरी सोडवायचा प्रयोग करूच नका. दवाखान्यात ठरावीक दिवस उतरत्या मात्रेने गोळ्या देतात आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होते.

गांजा सोडताना सहसा जिवाला धोका नसतो, पण संशय, कानात आवाज येणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. दुखण्याच्या गोळ्या किंवा अफूच्या जातीचं काही असेल तर सोडताना अंग मोडून येतं, जुलाब होतात. त्याला औषध आहे. मोठा धोका नंतर असतो: महिनाभर थांबून पुन्हा जुन्याच मापाने घेतलं तर शरीराची सवय गेलेली असते आणि श्वास थांबतो. हे मुलाला स्पष्ट सांगा, "पुन्हा घेशील" असा अर्थ निघेल म्हणून घाबरू नका. हुंगायच्या पदार्थाने पहिल्याच वेळी हृदय थांबून मृत्यू होऊ शकतो. तंबाखूची ओढ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत उतरते. निकोटिनची गोळी (गम) साध्या च्युइंगमसारखी चघळत राहायची नसते. झिणझिणी येईपर्यंत चावायची आणि गालात धरून ठेवायची, आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा नको.

बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय कॉलेजचं जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारून ठेवा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि तिथे सगळं मराठीतून चालतं, म्हणून आपल्याकडचे बरेच जण तिकडे जातात. फोनवर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, तंबाखूसाठी १८००-११-२३५६. मरणाच्या गोष्टी बोलायला लागला, वस्तू वाटायला लागला, तर थांबू नका, १४४१६ लावा आणि त्याला एकटं सोडू नका.

भाषेची अडचण खरी आहे. केसपेपर कन्नडमध्ये, डॉक्टर कधी कन्नड, कधी इंग्रजी बोलणारे, आणि पोराला आतलं दुःख फक्त मराठीत सांगता येतं. आदल्या रात्री एका कागदावर त्याच्याकडूनच मराठीत लिहून घ्या: काय घेतो, किती, कधीपासून, शेवटची वेळ, आधी कधी फिट आली का, दुसरी औषधं कोणती. कन्नड येणारं कुणीतरी बरोबर न्या. पण मुलाला चालेल असं माणूस, शेजारचे काका नकोत.

खाजगी केंद्र निवडताना आधी स्वतः जाऊन बघा. मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात? नोंदणीचा कागद दाखवतात का? घरच्यांना भेटू देतात का? मारतात का, हे तिथून सुटलेल्या कुणाला तरी विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांतून येणारा मानसिक आजार धरलेला आहे, आणि त्या कायद्याने साखळीने बांधायला मनाई आहे, मग फाटकावर क्रूस असो वा नसो. पोलिसांची भीती वाटत असेल तर हेही माहीत असू द्या: अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात, थोड्या मात्रेत सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला तर खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद कलम ६४-अ मध्ये आहे. वकिलाला हे कलम विचारा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. दारू सोडवायची गोळी चहात, आमटीत गुपचूप घालू नका. कुणीतरी दुकानातून आणून देतं, आई बिचारी घालते. ती पोटात असताना पोरगा प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ती गोळी घेणाऱ्याला माहीत असूनच घ्यायची असते, डॉक्टरांच्या देखरेखीत.

घरी आल्यावरचं वर्ष

पहिले दहा दिवस डॉक्टरांचे. पुढचं वर्ष मात्र कुणाचंच नसतं, आणि पोरं घसरतात ती त्या वर्षात. लाजराला येशूने थडग्यातून हाक मारली, तो बाहेर आला, पण हातपाय प्रेतवस्त्रात गुंडाळलेलेच होते. ती सोडायचं काम येशूने भोवतालच्या लोकांना सांगितलं. मंडळीचं काम हेच.

म्हणजे काय? उद्यमबागच्या कारखान्यातून पगाराच्या दिवशी तो कुठल्या रस्त्याने घरी येतो ते बघणं. वाटेत बार असेल तर महिनाभर कुणीतरी गेटवर उभं राहणं. पगार काही दिवस बहिणीच्या खात्यावर, त्याच्याच संमतीने. जुने नंबर त्याने स्वतः काढायचे. संध्याकाळी सहा ते नऊ रिकामे ठेवायचे नाहीत. येळ्ळूरच्या तालमीत, क्वायरच्या सरावाला, कुठेही. भूक, राग, एकटेपण, थकवा या चारांपैकी काही दिसलं की फोन करायचा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आपसातल्या, सभेला त्याला आपण ख्रिस्ती म्हणून संकोच वाटायचं कारण नाही. ती चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली तीच एका ख्रिस्ती गटाच्या सहवासातून, आणि एकमेकांजवळ कबुली देण्याची रीत याकोबाच्या पत्रातही आहे. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात.

आई-वडिलांची कसोटी कर्जाच्या वेळी लागते. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तीनच वचनांच्या अंतरावर दोन गोष्टी आहेत: एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा. वाचताना विसंगत वाटतं. घरात उतरवून बघा. दवाखान्याचा खर्च, सोबत, जेवण हे ओझं, ते वाहा. त्याने रमीत घातलेले पैसे, साहेबांशी खोटं बोलणं, मोडलेली मोटरसायकल हा त्याचा भार. तो त्याच्याच खांद्यावर राहू द्या, हप्ते बांधून फेडू दे. "ताप आलाय" म्हणून कारखान्यात खोटा फोन करणारी आई व्यसनाला आठवडाभराची रजा मिळवून देत असते.

घसरला तर? बरेच जण घसरतात. रक्तदाब, दमा यांच्यासारखंच हे पुन्हा उलटतं. चोवीस तासांच्या आत डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्या आणि त्या दिवशी काय घडलं ते शांतपणे शोधा. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली असं समजू नका. मधले चार महिने त्याने कसे काढले ते तुमच्याकडे जमा आहेत.

प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा, विषय कुणी काढत नाही, म्हणून काढतो. मेथडिस्ट मंडळ्यांत प्याल्यात दारू न झालेला द्राक्षरस असतो. १८६९ मध्ये थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने तो आंबू न देता टिकवायची युक्ती काढली ती याच कारणाने. पण सगळ्याच मंडळ्यांत तसं नसतं, पाळकांना आधी विचारा. कॅथलिक मुलाला भाकरीच्या रूपातला ख्रिस्तप्रसाद पुरेसा आहे. तेवढंच घेतलं तरी उणं काही राहत नाही. रांगेत उभं असताना त्याला हे ठरवायला लावू नका.

आणि डिसेंबर. नाताळात गोव्याहून मावशीकडचे येतात, घरची वाइन निघते, "सणाला थोडी चालते" म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्याला आधी गाठून सांगा. नंतर येते ३१ तारीख. कॅम्पात ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचे पुतळे, उभे राहतात, गवत आणि जुने कपडे भरून पोरं आठवडाभर राबतात आणि मध्यरात्री ते जाळतात. मुलाला घरात कोंडू नका, त्याने आजवर दरवर्षी तो पुतळा बांधलाय. त्याला गवत भरू दे, मुखवटा रंगवू दे, लायटिंगचं काम द्या. संघातल्या एकाने त्याच्या शेजारीच राहायचं, खिशात गाडीची किल्ली ठेवून. पेटवून झालं, टाळ्या झाल्या, बाटल्या निघायच्या आत साडेबाराला दोघांनी तिथून निघायचं, आणि घरी आईने गरम कॉफी तयार ठेवायची.